कॅटनिसला कुणीच काही सांगत नाही

'कॅचिंग फायर' या कादंबरीच्या एकोणिसाव्या प्रकरणात कॅटनिस एव्हरडीन पाण्यातल्या एका धातूच्या चकतीवर उभी आहे. साठ सेकंद जागचं हलायचं नाही, हा खेळाचा नियम. तेवढ्या वेळात ती भोवतालचा अंदाज घेते. खाऱ्या पाण्याचं गोल तळं. मधोमध बेट, त्यावर शस्त्रांचा ढीग. बेटापासून काठापर्यंत चाकाच्या आऱ्यांसारख्या गेलेल्या जमिनीच्या अरुंद पट्ट्या. त्या ती मोजतेसुद्धा. बारा भरतात. दर दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन स्पर्धक. त्याच रात्री जंगलात कुठूनतरी घंटेचे टोल पडतात. तेही ती मोजते, तेही बाराच. मग एका उंच झाडावर विजा कोसळायला लागतात.

गोल आकार, बारा भाग, बारा टोल. लेखिकेने अख्खं घड्याळ वाचकाच्या हातात ठेवलेलं आहे, आणि तरी ते घड्याळ आहे हे उमगायला बरीच पानं उलटावी लागतात. उमगतं तेही तिसऱ्या जिल्ह्यातल्या वायरेसमुळे. ही बाई वाक्यं अर्धवट सोडते, 'टिक टॉक, टिक टॉक' एवढंच पुटपुटत राहते, आणि बाकीचे तिला भ्रमिष्ट समजून गप्प बसवायला बघतात. रिंगणाच्या प्रत्येक भागात एकेक संकट दडवलेलं आहे. आपल्या तासाला ते जागं होतं, तास संपला की निपचित. बाराच्या भागात विजा, एकच्या भागात रक्ताचा पाऊस, दोनला कातडी जाळणारं धुकं, तीनला माकडं, चारला तुमच्या जिवाभावाच्या माणसांच्या आवाजात किंकाळ्या फोडणारे पक्षी, दहाला अजस्र लाट. कुठे, किती वाजता थांबायचं नाही हे कळलं की या नरकातही जगता येतं.

हे घड्याळ भन्नाटच आहे. पण पुस्तकात याहून मोठं यंत्र चालू आहे, आणि ते नायिकेला शेवटच्या काही पानांपर्यंत दिसत नाही. पुढे ते मी उघडून दाखवणार आहे. रहस्य आधी कळलेलं ज्यांना खपत नाही त्यांनी पुस्तक वाचून मग इकडे यावं. मात्र हे पुस्तक रहस्य कळल्यावर जास्त रंगतं असं माझं मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुझॅन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' २००८ मध्ये आली, 'कॅचिंग फायर' हा तिचा दुसरा भाग २००९ मध्ये आणि 'मॉकिंगजे' २०१० मध्ये. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर पॅनेम नावाचं राष्ट्र उभं आहे. श्रीमंत राजधानी कॅपिटॉल आणि तिला कोळसा, धान्य, मासे, कापड पुरवणारे बारा कंगाल जिल्हे. कधीकाळी जिल्ह्यांनी बंड केलं होतं. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून उचलायची, चोवीस जणांना रिंगणात सोडायचं, आणि एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं. हे सगळं टीव्हीवर, आणि बघणं सक्तीचं. मरतात चोवीसातले तेवीस, पण बोलणं असतं घरी बसलेल्यांशी. लेकी बोले सुने लागे, त्यातलाच हा प्रकार. गरिबाला जादा धान्य-तेल हवं असेल तर त्याने पोराच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवून घ्यायच्या. सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या एकूण वीस चिठ्ठ्या असतात, तिच्या बारा वर्षांच्या बहिणीची, प्रिमची, एकच. नाव निघतं प्रिमचं. कॅटनिस तिच्या जागी स्वतः उभी राहते.

मराठी वाचकाला इथे बकासुर आठवणारच. एकचक्रा नगरी, गाडाभर अन्न, दोन रेडे आणि पाळीने जाणारा एक माणूस. कॉलिन्सबाईंना मात्र आठवला तो ग्रीकांचा मिनोटॉर. अथेन्सने क्रीटच्या राजाला सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या आणि त्या भुलभुलैयातल्या राक्षसाच्या तोंडी द्यायच्या, ही कथा त्यांच्या मनात लहानपणापासून होती. त्यांचे वडील हवाई दलात. त्या सहा वर्षांच्या असताना ते व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. पुढे एका रात्री टीव्हीचे चॅनल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं अशी सरमिसळ डोळ्यांपुढे झाली आणि त्यातून कॅटनिस जन्माला आली, असं त्यांनीच सांगितलं आहे.

पहिला भाग संपतो तेव्हा कॅटनिस आणि तिच्याच जिल्ह्यातला पीटा असे दोघं उरतात. एकालाच जगू देणार म्हटल्यावर दोघं विषारी बोरं तोंडाजवळ नेतात. विजेताच उरणार नाही या धास्तीने कॅपिटॉल माघार घेतं आणि दोघांनाही जिवंत सोडतं. गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. आणि हीच दुसऱ्या भागापुढची खरी अडचण. नायिका घरी आली, मोठं घर मिळालं, पोटाची ददात मिटली. आता तिला पुन्हा लढायला कोण लावणार? आणि पुन्हा तेच रिंगण दाखवलं तर वाचक म्हणणार, झालं, शिळ्या कढीला ऊत.

कॉलिन्सबाईंचं उत्तर असं, की पुनरावृत्ती हीच शिक्षा. दर पंचविसाव्या वर्षी खेळाला एक जादा क्रूर नियम लागतो. पंचविसाव्या वर्षी कुणाला पाठवायचं हे जिल्ह्यांनी मतदान करून ठरवायचं होतं. पन्नासाव्या वर्षी दुप्पट मुलं. पंचाहत्तराव्या वर्षी अध्यक्ष स्नो पेटीतून पिवळट पाकीट काढून वाचतो, की यंदाचे स्पर्धक आजवरच्या विजेत्यांमधूनच निवडले जातील. बाराव्या जिल्ह्यात जिवंत विजेते तीनच, दोन पुरुष आणि एक कॅटनिस. तिची चिठ्ठी टाकायचीही गरज नाही. एकदा जिवंत सुटलात तर कायमचे सुटलात, हे या खेळातलं एकमेव आश्वासन होतं. तेवढंही काढून घेतलं.

पुस्तकाची बांधणीही बघण्यासारखी आहे. त्रयीतल्या प्रत्येक पुस्तकाचे तीन खंड, प्रत्येक खंडात नऊ प्रकरणं, एकूण सत्तावीस. लेखिका मुळात नाटक आणि टीव्ही लिहिणारी, त्यामुळे तीन अंकांचा हा साचा तिच्या हाडीमाशी भिनलेला. पहिल्या भागात अकराव्या प्रकरणात खेळ सुरू होतो. दुसऱ्यात एकोणिसाव्यात. म्हणजे पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग रिंगणाच्या बाहेर घडतो. ज्यांना मारामारीच हवी ते इथे कुरकुरतात. माझ्या मते मात्र सगळी मेख या अठरा प्रकरणांत आहे.

कारण या अठरा प्रकरणांत एक देश पेटतोय, आणि ज्या मुलीमुळे तो पेटतोय तिला तो विझवायचा आहे. स्नो तिच्या घरी येऊन, तिच्याच खोलीत बसून, शांतपणे धमकावतो. त्याच्या अंगाला गुलाब आणि रक्त यांचा एकत्र वास येतो. बोरांची ती कृती बंड नव्हती, पीटावरच्या प्रेमाचं वेड होतं, हे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून लोकांना पटवून दे, नाहीतर तुझी माणसं गेलीच समज. आणि कॅटनिस तयार होते! क्रांतीची ही नायिका क्रांती थांबवायच्या दौऱ्यावर निघते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

दौऱ्याचा पहिला मुक्काम अकराव्या जिल्ह्यात. हा शेतीचा जिल्हा. पहिल्या खेळात कॅटनिसला जीव लावणारी आणि तिच्या डोळ्यांदेखत मेलेली चिमुकली रू इथली. समोर तिचं कुटुंब उभं आहे. अधिकृत भाषण उरकल्यावर पीटा आपल्या बक्षिसातला दरवर्षी एका महिन्याचा पैसा तिथल्या दोन मेलेल्या मुलांच्या घरांना द्यायचं जाहीर करतो. कॅटनिसला राहवत नाही. ती लिहून दिलेलं बाजूला ठेवून रूबद्दल दोन शब्द बोलते. साधे, कृतज्ञतेचे. त्यात बंडाचा मागमूस नाही. क्षणभर शांतता. मग गर्दीतला एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ वाजवतो. शेतातलं काम संपल्याची ती खूण असे. आणि अख्खा जमाव एकाच वेळी डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून कॅटनिसच्या दिशेने उचलतो. ही बाराव्या जिल्ह्याची, अंत्यविधीला करायची जुनी खूण. हे असं एकदम, एका तालात घडतं तेव्हा ते उत्स्फूर्त नसतं, ठरवलेलं असतं. पुढच्याच मिनिटाला शिपाई त्या म्हाताऱ्याला पायऱ्यांवर आणून गुडघ्यावर बसवतात आणि डोक्यात गोळी घालतात.

हा प्रसंग कॅटनिसच्या जागी उभं राहून वाचला की अंगावर काटा येतो. पण थोडं बाजूला सरकून बघितलं तर आणखी काहीतरी दिसतं. ही मुलगी प्रत्येक वेळी खरं बोलते ते चळवळीसाठी नव्हे, एका माणसासाठी. रूसाठी, प्रिमसाठी, पीटासाठी. लोक तिच्यावर विश्वास ठेवतात तो नेमका म्हणूनच. तिला नेतृत्वाची हौस असती तर ती शीळ कुणी वाजवली नसती.

आता ते मोठं यंत्र. कॉलिन्सबाईंनी सगळी कथा कॅटनिसच्या तोंडून, वर्तमानकाळात सांगितली आहे. ती आत्ता बघते, आत्ता समजते, किंवा आत्ता गैरसमज करून घेते. मागाहून शहाणपण सुचलेली कॅटनिस पुस्तकात कुठेच नाही. त्यामुळे तिला जे कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही, पण तिला जे दिसतं ते सगळं आपल्याला दिसतं. लेखिकेने एक आख्खा कट या फटीत लपवला आहे.

स्नोच्या प्रासादातली मेजवानी आठवा. पाहुणे आणखी खाता यावं म्हणून ओकारीचं पेय पिताहेत, आणि या गोंधळात प्लुटार्क हेवन्सबी हा नवा खेळप्रमुख कॅटनिसबरोबर नाचतो. नाचताना खिशातलं घड्याळ काढून काचेवरून अंगठा फिरवतो. काचेवर क्षणभर मॉकिंगजे पक्षी, कॅटनिसची ओळख बनलेलं चिन्ह, उजळतो आणि विरतो. असं घड्याळ जगात एकच आहे, म्हणतो तो. त्याची बैठक मध्यरात्री सुरू व्हायची आहे, हेही सहज सांगून जातो. कॅटनिसला वाटतं, हा माणूस आपला मिरवतोय. पक्ष्याची फॅशन आलीय, कुणी नक्कल करू नये म्हणून जपतोय. वास्तविक तो तिला आपली बाजू सांगतोय, आणि रिंगणाचा नकाशाही देतोय. घड्याळ, आणि मध्यरात्री.

रिंगणात उतरताच फिनिक हा देखणा, घमेंडखोर वाटणारा तरुण तिला मनगटावरचं सोन्याचं कडं दाखवतो. ते हेमिचचं आहे, कॅटनिसच्या दारुड्या गुरूचं. याच्यावर विश्वास ठेव, एवढाच त्याचा अर्थ. ती चडफडत ठेवते. मग सुरू होतं एक कोडं. फिनिक पीटाचा थांबलेला श्वास परत आणतो. ऐंशी वर्षांची मॅग्ज, फिनिकला पीटाचा भार उचलता यावा म्हणून, स्वतः चालत विषारी धुक्यात शिरते. सहाव्या जिल्ह्यातली एक व्यसनाने पोखरलेली बाई माकड आणि पीटा यांच्यामध्ये झेपावते आणि मरते. सगळे पीटाला का वाचवताहेत? कॅटनिस तर्क लढवत राहते, आणि तिचा प्रत्येक तर्क पीटाच्या चांगुलपणापाशी येऊन थांबतो. उत्तर तिच्या स्वप्नातही येत नाही. त्यांना वाचवायचं आहे कॅटनिसला. पीटा मेला तर ही पोरगी कुणाचंच ऐकणार नाही, हे हेमिचला पक्कं ठाऊक आहे.

सगळ्यात सुंदर आहे ते पावांचं. बाहेरून दात्यांकडून आलेली भेट म्हणून रिंगणात पाव उतरतात. फिनिक ते मोजतो. चोवीस. बीटी नावाचा यंत्रतज्ज्ञ पुन्हा विचारतो, नक्की दोन डझन ना? नक्की. मग सगळे वाटून खातात. कॅटनिसला त्यात उपासमारीत वाढलेल्या माणसांची काटेकोर वाटणी दिसते, आणि आपल्यालाही, कारण भुकेची भाषा हे पुस्तक पहिल्या पानापासून शिकवत आलंय. प्रत्यक्षात तो निरोप असतो. पाव कोणत्या जिल्ह्याचा, तर तिसऱ्या. म्हणजे सुटकेचा तिसरा दिवस. किती, तर चोवीस. म्हणजे चोविसावा तास. तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या, आठव्या आणि अकराव्या जिल्ह्यांच्या विजेत्यांना या कटाची कमीअधिक कल्पना होती. तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या हातात घास देऊन, बंडाचं वेळापत्रक वाचलं गेलं.

एकचक्रेला भीम गेला तेव्हा आपण बकासुराला मारायला चाललोय हे त्याला निदान माहीत होतं. कॅटनिसला तेवढंही कुणी सांगितलेलं नाही. ती पकडली गेली तर तिच्याकडून काही वदवून घेता येऊ नये, हे कारण तर्काला धरून आहे. पण शेवटी विमानात शुद्धीवर आल्यावर तिला सगळं कळतं, आणि पीटा कॅपिटॉलच्या हाती राहिलाय हेही कळतं, तेव्हा ती हेमिचचा चेहरा नखांनी ओरबाडते. मला तिचं तंतोतंत पटतं. ज्यांनी तिला वाचवलं त्यांनीही तिला प्यादं म्हणूनच वापरलं, फक्त पट दुसरा होता. तिसऱ्या भागाचं सगळं दुखणं इथून सुरू होतं.

२०१३ चा चित्रपट चांगला आहे. फ्रान्सिस लॉरेन्सचं दिग्दर्शन, जेनिफर लॉरेन्सचा अप्रतिम अभिनय. पण कॅमेरा कॅटनिसच्या डोक्यात राहू शकत नाही. त्यात स्नो आणि प्लुटार्क यांचे आपसांतले संवाद आपण बाहेरून ऐकतो. कटाची चाहूल वेगळ्या वाटेने लागते आणि कॅटनिसच्या गैरसमजात अडकून पडण्याची ती पुस्तकी मजा जाते.

चित्रपटांनी मात्र एक गोष्ट जगभर नेली. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि काही दिवसांत बँकॉकच्या रस्त्यांवर लोक तीन बोटं वर करून उभे राहू लागले. लष्कराने त्यासाठी अटकेची ताकीद दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात खोन केन इथे पंतप्रधान प्रयुत भाषण करत असताना पाच विद्यार्थ्यांनी ही खूण केली, त्यांना ताब्यात घेतलं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करी बंड झालं, तिथेही डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी तीन बोटं दाखवू लागले. २६ फेब्रुवारीला म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत क्यॉ मो तुन यांनी आमसभेत आपल्याच देशाच्या लष्कराविरुद्ध भाषण केलं आणि शेवटी तोच हात उचलला. दुसऱ्या दिवशी लष्कराने त्यांना पदावरून काढल्याचं जाहीर केलं. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातला, एका काल्पनिक कोळसा जिल्ह्यातला अंत्यविधीचा नमस्कार न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात पोचला.

आणि पुस्तकही अजून गप्प बसलेलं नाही. 'कॅचिंग फायर'मध्ये रिंगणात जाण्याआधी कॅटनिस आणि पीटा हेमिचच्या पन्नासाव्या खेळाची जुनी चित्रफीत बघतात. अठ्ठेचाळीस मुलं, फुलांनी भरलेलं विषारी कुरण, आणि शेवटी कड्यावरच्या अदृश्य भिंतीवरून उलटून आलेली कुऱ्हाड. दोघांना वाटतं, हेमिच कसा जिंकला ते आपल्याला कळलं. २०२५ मध्ये कॉलिन्सबाईंनी 'सनराइज ऑन द रीपिंग' लिहून तो खेळ हेमिचच्याच तोंडून सांगितला, आणि ती चित्रफीत कशी कापून-जोडून बनवलेली होती ते दाखवलं. सोळा वर्षं वाचकांनी खरी मानलेली ती दोन-चार पानं म्हणजे कॅपिटॉलचा प्रचार होता. कॅटनिसला तर तेही कुणी सांगितलं नव्हतं.

वाचायचं ठरवलंत तर सुरुवात 'द हंगर गेम्स'पासूनच करा. दुसरा भाग आधी उचललात तर बोरांचा आणि रूचा संदर्भ लागणार नाही आणि अर्धी मजा वाया जाईल. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना द्यायला हरकत नाही, फक्त रक्तपात बराच आहे, तेव्हा आधी स्वतः वाचा. चित्रपट त्यानंतर. हेमिचचं पुस्तक सगळ्यात शेवटी, आणि ते संपल्यावर लगेच 'कॅचिंग फायर' पुन्हा हातात घ्या.